खऱ्याचा सोस

शिळ्या कढीला ऊत आणणे हे आपल्या घरांतून आजवर कमीपणाचे समजले जात असे. गेल्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतील डिस्ने कंपनीने त्याच कृतीचा एक जगड्व्याळ व्यापार करून दाखविला आहे. चित्रकारांनी हाताने रेखाटलेल्या व हलत्या केलेल्या चित्रांचा एखादा जुना गाजलेला कौटुंबिक चित्रपट घ्यावयाचा, आणि तोच पुन्हा खरी माणसे, खरी जनावरे व खरी झाडे यांचा म्हणून नव्याने काढावयाचा, अशी ही रीत. तिला ‘लाइव्ह ॲक्शन’ असे नाव आहे. २०१५ साली सिंड्रेला, २०१७ साली सुंदरी व पशूची कथा, २०१९ या एकाच वर्षात डंबो, अलादीन व लायन किंग, २०२५ साली हिमगौरी, अशी ही पंगत चालूच आहे. आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांतून मुलांना हाती धरून हे चित्रपट पाहावयास जाणे हा एक निरुपद्रवी आनंद समजला जातो. तो तितका निरुपद्रवी नाही, असे माझे मत आहे, आणि ते या पृष्ठांतून थोडे ठासून मांडावयाचे आहे.

इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या धडगावच्या एका मास्तराने यात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. कारण असे की, या मालिकेतील ज्या चित्रपटाने सर्वांत अधिक वाहवा मिळविली, त्याची कथा आमच्याच डोंगरावरची आहे. किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधील मोगली वाढला तो शिवनीच्या रानात. शिवनी सातपुड्यात आहे. तेथून वाहणारी, मोगलीच्या कळपाची वैनगंगा पुढे आपल्याच भंडारा-गडचिरोलीत उतरते. शिवनी सातपुड्याच्या पूर्वेकडील अंगाला, तर अक्राणी महालातील आमचे धडगाव पश्चिमेकडील टोकाला, इतकाच काय तो फरक. चांदसैलीचा घाट चढून वर आले की दिसणारे हे डोंगर मोगलीच्या डोंगरांचे सख्खे भाऊ आहेत.

गेल्या हिवाळ्यात येथील मुलांच्या एका वसतिगृहात लागोपाठ दोन रात्री, भिंतीला चादर बांधून व प्रोजेक्टर लावून, आम्ही ‘जंगल बुक’चे दोन्ही चित्रपट दाखविले. पहिल्या रात्री १९६७ सालचा रेखाटलेला, दुसऱ्या रात्री २०१६ सालचा, जॉन फॅव्हरो या दिग्दर्शकाचा. पहिला इंग्रजीत होता, म्हणून मी मधून मधून मराठीत सांगत होतो. दुसरा हिंदीत होता. माझ्या सांगण्याने पहिल्याला थोडे झुकते माप मिळाले असेल, हे कबूल करतो. आणि दुसऱ्या रात्री शेरखान उडी घेता झाला तेव्हा मोठी मुले आनंदाने ओरडली, हेही लपवीत नाही. तथापि त्या दोन रात्रींत जे पाहिले, त्यानेच हा लेख लिहावयास लावले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुनी कथा पुन्हा सांगणे हे पाप आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. तसे म्हणणाऱ्याने मराठी वाङ्मयाचे दुकानच बंद करावे. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली, आणि देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंजारराव’ केला. १९६७ सालचा रेखाटलेला चित्रपटही किपलिंगशी इमान राखून नव्हता. वॉल्ट डिस्ने यांच्या हयातीत काम सुरू होऊन त्यांच्या निधनानंतर पडद्यावर आलेला तो चित्रपट मूळ पुस्तकातले सगळे गांभीर्य झटकून निव्वळ नाचगाण्याचा झाला. त्या गोऱ्या साहेबाच्या साम्राज्यनिष्ठ मनाविषयी ज्यांना बोलावयाचे असेल त्यांनी अवश्य बोलावे. पण त्याने शिवनीचे रान स्वतः पाहिले नव्हते आणि दूर व्हरमाँटच्या बर्फात बसून ते लिहिले, हेही ध्यानात असू द्यावे. अरण्य मुळातच कल्पनेतले होते.

मग तक्रार कशाची? मोरोपंतांना प्रत्येक रामायणाला नवे बंधन घालून घ्यावेसे वाटले. जुन्या कथेतून काही नवे काढावयाचे होते. देवलांनी इंग्रजी कथा मराठी रक्ताची केली. येथे जुन्या चित्रपटातून नवे काही काढावयाचे नाही. या पुनर्निर्मितीची एकच प्रतिज्ञा आहे: पूर्वी जे काढलेले होते ते आता खरे दिसेल. जणू काढलेले असणे हा त्या जुन्या कृतीचा दोष होता, आणि यंत्रांची प्रगती होईपर्यंत बिचाऱ्या चित्रकारांनी कसेबसे भागवून नेले होते! माझा सगळा वाद या एका गृहीतकाशी आहे.

आपल्या साहित्यशास्त्रात हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी येऊन गेला आहे. श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय संस्कृत घेतलेल्या वाचकांना आठवेल. भिंतीवर काढलेला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ असे म्हणतो. तो खरा घोडा आहे असे आपल्याला वाटत नसते, खोटा आहे असेही वाटत नसते. घोडा आहे की नाही असा संशय नसतो, आणि घोड्यासारखे काहीतरी आहे अशी तुलनाही मनात नसते. या चारही जाणिवांहून ती निराळी, पाचवीच जाणीव आहे. शंकुकावर पुढच्यांनी पुष्कळ आक्षेप घेतले, ते घ्यावेत. पण बालकाचे मन चित्रापुढे काय करते याचे इतके नेमके वर्णन मला दुसरीकडे आढळले नाही. आपल्या मराठीत न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात ‘सविकल्प समाधि’ म्हणून जे सांगितले, तेही याच्याच शेजारचे. रसिक तल्लीन होतो खरा, पण आपले भान सोडून नव्हे. तो एकाच वेळी दोन ठिकाणी असतो, आणि त्या दोनपणातच त्याचा आनंद असतो.

रेखाटलेले अस्वल मुलाला ही दोनपणाची मोकळीक देते. मुलाला पक्के ठाऊक असते की हे कोणीतरी काढले आहे, आणि म्हणूनच ते अस्वल नाचले, गायले, झाडाला पाठ घासता घासता झाडच उपटून बसले तरी त्याचे काही बिघडत नाही. पहिल्या रात्री आमच्या वसतिगृहात नेमके हेच झाले. ज्या मुलांच्या घरची माणसे पहाटे मोहाची फुले वेचावयास जाताना अस्वलाच्या भीतीने हाकारे घालीत जातात, ती मुले पडद्यावरच्या त्या राखी रंगाच्या ढेरपोट्या प्राण्याला हसून हसून लोळत होती. एकानेही विचारले नाही की असे अस्वल असते का.

दुसऱ्या रात्री पहिला प्रश्न हाच आला. एक दहा-अकरा वर्षांचा पावरा मुलगा, मोठा निरीक्षक, मला म्हणाला, “सर, हे आपलं अस्वल नाही. आपलं काळं असतं, केस लोंबतात.” त्याचे म्हणणे सोळा आणे खरे होते. सातपुड्यात अस्वल आहे ते काळे, लांब केसांचे, वारुळे फोडणारे. पडद्यावर होते ते तपकिरी, थंड मुलखातल्या अस्वलाच्या बांध्याचे. थोड्या वेळाने दुसऱ्याने विचारले, “ते बोलतं तर त्याचा ओठ असा का हलतो?” आता ही मुले बेरसिक होती काय? कालच्याच रात्री ती पोट धरून हसली होती. चित्रपटानेच त्यांना सांगितले की हे खरे आहे, म्हणून त्यांनी खऱ्याची कसोटी लावली, आणि त्या कसोटीला तो उतरला नाही. ज्याने सोने म्हणून विकावयास आणले त्याला सराफ कसाला लावणारच; गणपतीच्या मखरातल्या सोनेरी कागदाला कोणी लावीत नाही.

या खरेपणाच्या सोसाने निर्मात्यांना कोठवर नेले, त्याचा एक मासला देण्याजोगा आहे. जुन्या चित्रपटात वानरांचा राजा म्हणून एक ओरांगउटान होता. हिंदुस्थानात ओरांगउटान नाही, ही गोष्ट नव्या निर्मात्यांच्या ध्यानात आली. वास्तवाला बाध येऊ नये म्हणून त्यांनी त्याच्या जागी कोण आणावा? तर लाखो वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नष्ट झालेला, जायगँटोपिथेकस नावाचा एक प्रचंडकाय वानर! तो राजा एका पडक्या देवळात बसून, इंग्रजीत, जुन्याच चित्रपटातले जुनेच गाणे म्हणतो. हिंदुस्थानात न आढळणारा प्राणी चालत नाही; कोठेच न आढळणारा चालतो; आणि दोघांनीही गाणे म्हटलेले चालते. याला तर्कशास्त्रात काय म्हणावे हे माझ्या तर्कशास्त्राच्या सहकाऱ्याला विचारले, तेव्हा तो नुसता हसला.

गाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. नव्या चित्रपटात गाणी जवळजवळ काढून टाकली आहेत. पण दोन प्रसिद्ध गाणी टाकवेनात, म्हणून ठेवली. केसन्‌केस खरा दिसणारा प्राणी नदीत उताणा तरंगत गाऊ लागला की त्याच्या खरेपणाचे आणि गाण्याचे, दोघांचेही मरण ओढवते. दोन वर्षे कष्ट करून ज्या भ्रमाची इमारत उभारली ती पहिल्याच स्वराला ढासळते. २०१९ सालच्या ‘लायन किंग’मध्ये तर त्याच दिग्दर्शकाने याचा कळस केला. त्या सगळ्या चित्रपटात प्रत्यक्ष कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य केवळ एक आहे, बाकी सर्व संगणकाने घडविलेले. तरीही नाव ‘लाइव्ह’च्या पंक्तीतले. सिंहाला भुवया नसतात. चित्रकाराने त्या दिल्या होत्या, म्हणून जुन्या चित्रपटात बापाच्या मृत्यूने छाव्याचा चेहरा विदीर्ण झालेला दिसत असे. नव्यातल्या छाव्याचा चेहरा पशुवैद्यकाच्या पुस्तकातल्यासारखा निर्विकार आहे. लोकांनी त्यावर दीड अब्ज डॉलरांहून अधिक खर्च केले. लोकांचे काय चुकले? त्यांनी आपल्या बालपणाच्या आठवणीचे तिकीट काढले होते.

येथवर वाद रसाचा होता. यापुढचा भाग मला अधिक झोंबणारा आहे.

काढलेले अरण्य कोठेच नसते, म्हणून ते कोणाचीच जागा घेत नाही. खरे म्हणून दाखविलेले अरण्य मात्र कोठे तरी असावे लागते, आणि हे आमच्या डोंगरात आहे असे सांगण्यात आले आहे. ते बनले कोठे? चित्रपटाच्या शेवटी नावे येतात, त्यांत निर्मात्यांनी काहीशा अभिमानाने लिहिले आहे की हे चित्रण लॉस एंजेलिस शहराच्या मध्यवस्तीत झाले. निळ्या पडद्यांपुढे उभा असलेला नील सेठी हा न्यूयॉर्कचा मुलगा एवढीच त्यातली जिवंत वस्तू. झाडे, पाणी, पाचोळा, सारे संगणकाचे. या कामगिरीबद्दल २०१७ साली त्याला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले, आणि कारागिरी म्हणून ते योग्यच मिळाले. पण त्या अरण्यात कोण राहते, ते पाहा. मोगलीखेरीज बोलणारा एकही माणूस त्यात नाही. एका पूर्वस्मृतीत वाघाच्या तोंडी जाणारा बाप आहे. आणि रात्री दुरून दिसणारा गावातला जाळ आहे, तेथून मोगली पलिता चोरतो व त्यापायी रान पेटते. अरण्यातला माणूस म्हणजे आग, यापलीकडे त्याची ओळख नाही.

किपलिंगच्या पुस्तकात गाव आहे. ते फारसे गोजिरे नाही, पण त्यात मेसुआ नावाची आई आहे, बुलदेव नावाचा बढाईखोर शिकारी आहे, चराईची गुरे आहेत, भांडणे आहेत. १९६७ च्या उथळ म्हटल्या जाणाऱ्या चित्रपटाच्याही अखेरीस गाणे म्हणत पाणी भरणारी एक मुलगी आहे, आणि मोगली तिच्या मागोमाग माणसांत जातो. जसजसे चित्र ‘खरे’ होत गेले तसतशी त्यातली माणसे पुसली गेली, हा योगायोग म्हणून सोडून द्यावयास मी तयार नाही. शहरी मनाला अरण्य हवे आहे ते निर्मनुष्य. आमच्या भिल्ल-पावरा शेजाऱ्यांनी वाघदेव पूजिला, वाघाशी एका डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या काढल्या, आणि वनावरील त्यांच्या हक्काला मान्यता देणारा कायदा व्हावयास २००६ साल उजाडले. रानात माणूस असतो, हे शहाण्या देशाला कायद्याने सांगावे लागते. त्यावर शहरांतली मुले चष्मे लावून पाहतात ते रान असे.

त्या चित्रपटाच्या अखेरीस वणवा विझविण्यासाठी मोगली हत्तींकडून नदी वळवून घेतो. शहरातल्या चित्रगृहात त्या प्रसंगाला टाळ्या पडल्या असतील. आमच्या वसतिगृहात नर्मदाकाठच्या गावांची मुले बसली होती. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली. ती अक्कलकुवा आणि अक्राणी या दोनच तालुक्यांतली. नदी अडविली म्हणजे काय होते, हे त्या मुलांच्या आजोबांनी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून पाहिले आहे. त्या प्रसंगाला कोणी टाळी वाजविली नाही. एकाने हळूच विचारले, “मग ते पाणी कुठं गेलं, सर?” मला उत्तर देता आले नाही, आणि चित्रपटालाही नाही.

माझा एक जुना विद्यार्थी, याच तालुक्यातला, पदवीनंतर एका मोठ्या शहरात शिकावयास गेला. तेथे त्याच्या खोलीतल्या मुलांनी पहिल्याच आठवड्यात त्याचे नाव मोगली ठेवले. ती मुले दुष्ट नव्हती. त्याच्याशी पुढे मैत्रीनेच वागली. पण सातपुडा म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे जे उभे राही ते त्यांनी डोळ्यांनी ‘पाहिलेले’ होते. तेथे एक उघडा पोर आणि जनावरे, एवढेच होते. शाळा, ग्रामपंचायत, एस.टी.ची गाडी, अंगणात वाळत घातलेल्या आमचुराच्या फोडी, यांपैकी काही नव्हते. चित्र पाहून बनलेले मत बदलता येते, कारण ते चित्राचे आहे हे ठाऊक असते. डोळ्यांनी पाहिलेल्याविरुद्ध साक्ष कशी द्यावी? तो मला सुट्टीत भेटला तेव्हा म्हणाला, “सर, मी त्यांना फोटो दाखवले, तर म्हणाले, हे जंगल नाही वाटत.” आपल्याच घराचे छायाचित्र खोट्याच्या तुलनेत खोटे ठरावे, याहून मोठी विटंबना मला सुचत नाही.

कंपनीला आपल्या मालाची उणीव कळत नाही असे समजू नये. २०१६ साली हा चित्रपट भारतात अमेरिकेच्याही आधी एक आठवडा, ८ एप्रिलला, लागला. त्यापूर्वी येथे जाहिरात कशाची झाली? १९९३ साली दूरदर्शनवर दर रविवारी लागणाऱ्या मोगलीच्या मालिकेची. ती मालिका जपान्यांनी काढलेली, तीही रेखाटलेली, आणि या कंपनीशी तिचा काडीचा संबंध नव्हता. तिच्यासाठी गुलजारांनी लिहिलेले आणि विशाल भारद्वाजांनी संगीत दिलेले गीत नव्याने ध्वनिमुद्रित करून वाजविण्यात आले. त्या मालिकेत शेरखानला हिंदी आवाज देणारे आपले नाना पाटेकर पुन्हा शेरखान झाले. म्हणजे नवा खरा वाघ खपविण्यासाठी जुन्या काढलेल्या वाघाची आठवण भाड्याने घ्यावी लागली! आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या आईबापांनी मुलांना नेले ते त्या आठवणीच्या बोटाला धरून. त्यांनी घरी जाऊन विचार करावा की आपले मूल आणखी तीस वर्षांनी यातले काय आठवील. खुद्द प्रमाणपत्र मंडळाने या चित्रपटाला निर्वेध प्रमाणपत्र न देता पालकांच्या देखरेखीची अट घातली, त्रिमितीतली जनावरे मुलांना भिववतील म्हणून. त्यावर वृत्तपत्रांतून बरीच थट्टा झाली. मी त्या थट्टेत सामील होणार नाही. मंडळाच्या इतर निर्णयांविषयी माझे मत काहीही असो, भिववणे आणि रमविणे यांतला फरक एकदा तरी त्याच्या लक्षात आला.

माझे एक तरुण सहकारी, विज्ञानाचे, या सर्वावर म्हणतात की हा म्हाताऱ्याचा यंत्रद्वेष आहे. मी पन्नाशी ओलांडली आहे हे खरे. यंत्रद्वेष मात्र अमान्य. हलते चित्र हेच मुळी यंत्राचे अपत्य. दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्यांना कॅमेऱ्यापुढे एकेक पाऊल हलवून नाचविले ते यंत्रानेच. आणि १९३४ साली ‘प्रभात’ने ‘जंबुकाका’ काढला तोही यंत्रानेच. पण आगकाडी ही आगकाडीच राहून नाचली. फाळक्यांना ती माणूस आहे असे भासवावयाचे नव्हते, आणि म्हणूनच तिचे नाचणे ही मौज झाली. ज्या मुंबईच्या जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत रडयार्डचे वडील लॉकवुड किपलिंग शिकवीत, त्या लॉकवुडनेच ‘जंगल बुक’साठी काही चित्रे काढली होती. त्या पुस्तकाच्या जन्मापासून त्याच्या अंगावर रेषा आहे. संगणकानेही रेषा काढता येते. आमचे भांडण संगणकाशी नाही.

दोन रात्रींनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी वसतिगृहाकडे गेलो होतो. दोन मुले घरी गेल्यामुळे चित्रपट पाहावयाचे राहिले होते, आणि तो निरीक्षक पावरा मुलगा ओसरीवर उभा राहून त्यांना गोष्ट सांगत होता. पावरीतच सांगत होता, त्यामुळे मला सगळे उमगले नाही. पण मध्येच त्याने पाठ फिरविली, खांबाला टेकला, आणि गुडघे वाकवून वर-खाली पाठ घासू लागला. ऐकणारे दोघेही हसत हसत उठून दुसऱ्या खांबाला जाऊन भिडले. मी त्याला विचारले, “अरे, आणि परवाचा वाघ?” तो थांबला, जरा विचार करून म्हणाला, “तो चांगला होता, सर. पण तो करून दाखवता येत नाही.”